हुतात्मा कोणास म्हणावे?

१. घंटा झाल्यावर

दरवर्षी ३० जानेवारीस सकाळी अकराच्या ठोक्याला सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. शहरांत त्यासाठी भोंगा वाजतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावी ते काम शाळेच्या घंटेवर भागते. शिवारात हरभरा घाट्यावर आलेला असतो, थंडी ओसरू लागलेली असते, आणि पटांगणात रांगेने उभी असलेली मुले हात सरळ ठेवून, परंतु डोळे पुरते न मिटता, ती दोन मिनिटे संपण्याची वाट पाहत असतात. शासकीय परिपत्रकात या दिवसाला 'हुतात्मा दिन' म्हटलेले असते. हिंदी बातम्यांत त्याच दिवसाला 'शहीद दिवस' म्हणतात. अशा वेळी चौथी-पाचवीतील एखादे चौकस पोर विचारते, "गुरुजी, हुतात्मा अन् शहीद एकच असते का जी?"

"हो, एकच," असे सांगून गुरुजींना पुढच्या तासाकडे वळता येईल. परंतु त्या मुलाने पाठ्यपुस्तक नीट वाचले असेल, तर त्याचे तेवढ्याने समाधान होणार नाही. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात एकाच संध्याकाळी, एकाच आरोपावरून तिघे जण फासावर चढले. त्यांपैकी भगतसिंगांच्या नावामागे आपण सहजगत्या 'शहीद' लावतो, आणि पुणे जिल्ह्यातील खेडच्या शिवराम हरि राजगुरूंच्या नावामागे तितक्याच सहजपणे 'हुतात्मा' लावतो. मरण एक, कार्य एक, वेळही एक. मग शब्द दोन का? आणि दोन शब्द असतील, तर त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कल्पनाही दोन आहेत काय?

माझे उत्तर असे की कल्पना दोन आहेत, त्यांचा उगम एकमेकींपासून फार दूरच्या ठिकाणी झाला आहे, आणि त्या दोन्ही समजल्यावाचून हा शब्द कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये याचा निवाडा करता येत नाही. म्हणून आधी एकेका शब्दाची वंशावळ पाहू.

२. साक्ष देणारा

शेताच्या धुऱ्यावरून दोन शेजाऱ्यांत तंटा लागला आहे, प्रकरण तहसिलीत गेले आहे, आणि धुरा मुळात कोठे होता हे पाहिलेला एक म्हातारा गडी गावात आहे, अशी कल्पना करा. त्याने खरे सांगितले तर त्याला काम देणारा धनी रुष्ट होणार, न सांगितले तर ज्याची जमीन गेली तो उघड्यावर पडणार. आता तो म्हातारा तहसिलीत जाऊन, धन्याच्या डोळ्यांदेखत, जे पाहिले ते जसेच्या तसे सांगतो. त्याच्या साक्षीचे मोल एरवीच्या साक्षीहून अधिक का वाटते? कारण त्या साक्षीची किंमत त्याने स्वतःच्या पोटावर घेतली आहे. बोलून ज्याला काही मिळायचे नाही, उलट काही गमवायचे आहे, त्याच्या बोलण्यावर आपण विश्वास ठेवतो. गमवायची वस्तू जर भाकरीऐवजी प्राण असेल, तर ती साक्ष शेवटची आणि न खोडता येणारी ठरते.

इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'मार्टर' हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ 'साक्षीदार' एवढाच होता. ग्रीक न्यायसभेत कोणीही साक्ष दिली की तो 'मार्टिस' होई, आणि साक्ष देऊन तो सुखरूप घरी जेवायला जाई. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्या श्रद्धेची साक्ष देताना प्राण गमावले, यरुशलेमेत स्तेफन नावाच्या शिष्यास दगडांनी ठेचून मारण्यात आले, आणि हळूहळू 'साक्षीदार' या शब्दाला 'साक्षीपायी मेलेला' हा अर्थ चिकटला. आपल्याकडील ख्रिस्ती लेखनात यासाठी 'रक्तसाक्षी' हा शब्द योजतात. मला तो फार अर्थवाही वाटतो, कारण मूळ साक्षीची कल्पना त्यात शाबूत राहिली आहे. ही परंपरा आपल्या भूमीला परकी नाही. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्यांना रोमन चर्च रक्तसाक्षी मानते. आणि वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मेला, त्याला १८६२ मध्ये संतपद देण्यात आले.

आता अरबीकडे वळू. तेथे 'शहादत' म्हणजे साक्ष, 'शाहिद' म्हणजे साक्षीदार, आणि त्याच धातूपासून 'शहीद'. ग्रीक आणि अरबी या दोन निराळ्या कुळांच्या भाषा असूनही, न्यायसभेतला साधा साक्षीदार दोन्हींकडे धर्माच्या वाटेने चालत मरणापर्यंत पोहोचला, हे भाषांच्या इतिहासातील एक विलक्षण साम्य होय. इस्लामी परंपरेत रणांगणी पडलेल्या शहिदाला स्नान न घालता त्याच्या रक्ताळलेल्या वस्त्रांतच दफन करावे असा दंडक सांगितला आहे. जणू ते रक्त हाच साक्षीचा कागद, आणि तो धुऊन चालणार नाही. त्याच परंपरेतील वचनांत महामारीने मेलेला, बुडून मेलेला, पडलेल्या भिंतीखाली सापडलेला यांनाही शहिदाच्या पुण्याचा वाटा दिला आहे. म्हणजे हा शब्द पुढे ऐसपैस वापरला जाऊ लागला त्याचे बीज जुनेच आहे. सन ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसैन यांनी जे मरण पत्करले त्याची स्मृती म्हणून वऱ्हाडातील कितीतरी गावांत मोहरमचे डोले आणि सवाऱ्या निघत आल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे नवस बोलणाऱ्यांत हिंदू कुणब्यांची घरेही असत. तेव्हा 'शहीद' हा शब्द आमच्या खेड्यापाड्यांत वर्तमानपत्रांनी आणला, असे कोणी समजू नये. तो आधीच येथे नांदत होता.

मराठीला साक्षीची ही कल्पना समजावून द्यायला फारसे कष्ट पडत नाहीत. फारसीतून आलेला 'ग्वाही' हा शब्द आपण आजही वापरतो, आणि 'ग्वाही देणे' याचा अर्थ साक्ष देण्यापलीकडे जाऊन 'जबाबदारी घेऊन सांगणे' असा झाला आहे. शहीद म्हणजे ज्याने आपल्या म्हणण्याची ग्वाही देहाने दिली तो.

३. आहुती देणारा

'हुतात्मा' या शब्दात साक्षीचा लवलेशही नाही. त्याचे मूळ यज्ञकुंडाजवळ आहे. संस्कृतात 'हु' हा धातू अग्नीत अर्पण करणे या अर्थाचा; होम, हवन, हविर्द्रव्य, आहुती ही सर्व त्याचीच लेकरे. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. अग्नीला 'हुताशन' म्हणतात, कारण हुत हे त्याचे अशन, म्हणजे भोजन. आणि फाल्गुनी पौर्णिमेला जिला आपण होळी म्हणतो तिचे पंचांगातील नाव 'हुताशनी पौर्णिमा' असे आहे. इंझोरीच्या मुलांना हा शब्द शिकवायचा तर यज्ञकुंड दाखविण्याची आवश्यकता नाही. होळीत शेणाच्या चाकोल्यांची माळ टाकताना, नारळ आणि पुरणपोळी अर्पण करताना, दिलेली वस्तू परत येत नाही हे त्यांनी पाहिलेले असते. देवापुढे ठेवलेला नैवेद्य ताटात परत येतो आणि आपणच तो खातो. अग्नीला दिलेले परत येत नाही. ज्याने आपला आत्मा, आपले अवघे जीवित, असे परत न येणाऱ्या रीतीने अर्पण केले, तो हुतात्मा.

हा शब्द घडविण्याचे श्रेय सामान्यतः स्वातंत्र्यवीर वि. दा. सावरकरांना देण्यात येते. दिनांक, महापौर, दिग्दर्शक, नभोवाणी अशा त्यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी शब्दांपैकी हा एक. १० मे १९०८ रोजी लंडनमध्ये १८५७ च्या वीरांच्या स्मरणार्थ त्यांनी जे इंग्रजी पत्रक काढले त्यात या वीरांना उद्देशून वापरलेले संबोधनही 'मार्टर' हेच होते. त्या संबोधनासाठी मराठीत त्या काळी नेमका प्रतिशब्द नव्हता, आणि 'हुतात्मा' याने ती उणीव भरून काढली. मात्र शब्द एकदा जनतेच्या तोंडी गेला की तो कर्त्याच्या मतांना बांधलेला राहत नाही. महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस महाराष्ट्र 'हुतात्मा दिन' म्हणतो, तेव्हा तो शब्द एकट्या कर्त्याचा न राहता सगळ्यांचा झालेला असतो, आणि चांगल्या शब्दाचे भाग्य ते हेच.

येथे एका जवळच्या शब्दापासून त्याला वेगळे काढले पाहिजे. तो शब्द 'बळी'. अपघाताचे बळी, साथीचे बळी, दंगलीचे बळी असे आपण रोज वाचतो. बळी देण्याच्या क्रियेत दोन पक्ष असतात: देणारा एक आणि दिला जाणारा दुसरा. मरीआईपुढे नेलेल्या बोकडाला कोणी विचारलेले नसते. हुतात्म्याच्या बाबतीत मात्र देणारा आणि दिली गेलेली वस्तू एकच असतात. यजमान तोच, समिधाही तोच. हा भेद ध्यानात ठेवला की पुढचे पुष्कळ घोटाळे आपोआप सुटतात. मराठीने हा भेद क्रियापदातही जपला आहे. माणूस बळी 'जातो' किंवा 'पडतो'. हौतात्म्य मात्र तो 'पत्करतो'. पत्करणे म्हणजे नाकारण्याची वाट मोकळी असताना स्वीकारणे.

४. त्याआधी आपण काय म्हणत होतो?

मग सावरकरांपूर्वी मराठी माणूस कार्यासाठी मरत नव्हता काय? मरत होता, आणि त्यासाठी भाषेत शब्दांची वाण नव्हती. परंतु ते शब्द निराळ्या जगातले होते. रणात पडलेला वीर 'धारातीर्थी' पडे. तरवारीच्या धारेलाच तीर्थ मानण्याची ही कल्पना इतकी सुंदर आहे की ती आजही भाषणांतून येते, जरी आता कोणी तरवारीने मरत नाही. बखरींच्या आणि दप्तरांच्या भाषेत तोच वीर 'कामास येई', 'स्वामिकार्यावर खर्च होई', किंवा फारसी शब्द घेऊन 'जाया होई'. 'खर्च होणे' हे आज आपल्याला कठोर वाटते. परंतु त्यामागील भाव हिशेबाचा असूनही हृदयशून्य नव्हता. खर्च झाला याचा अर्थ तो कोणाच्या तरी खाती मांडला गेला, आणि ज्याच्या खाती तो मांडला त्याच्याकडे काही देणे निघाले. हे देणे फेडण्याची एक रीतही होती: रणात पडलेल्याच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी सरकारातून जी नेमणूक किंवा जमीन मिळे तिला 'बालपरवेशी' म्हणत. हा शब्द आज विस्मृतीत गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते. 'हुतात्मा' आणि 'शहीद' हे दोन्ही शब्द मेलेल्याकडे पाहतात. 'बालपरवेशी' हा मागे राहिलेल्यांकडे पाहणारा शब्द होता.

त्याहूनही जुने म्हणजे वीरगळ. कानडी 'कल्लु' म्हणजे दगड, त्यावरून 'वीराचा दगड' तो वीरगळ. महाराष्ट्रात गावोगावी देवळाच्या आवारात, कधी वेशीबाहेर, उभ्या शिळेवर एकावर एक चौकटी कोरलेल्या दिसतात. त्या खालून वर वाचायच्या. सर्वांत खाली लढाई, पुष्कळदा गुरे पळवून नेणाऱ्यांशी झालेली. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर घेऊन चालल्या आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे, आणि शेंड्याला चंद्रसूर्य, अर्थात ते असेतो ही कीर्ती राहो. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. गावाची गुरे राखताना मेलेल्या त्या माणसास 'शहीद' हा शब्द ठाऊक नव्हता आणि 'हुतात्मा' हा शब्द जन्मला नव्हता, तरी त्या दगडावर काय कोरले आहे हे आपल्याला नेमके कळते.

५. कसास लावून पाहू

आता काही उदाहरणे घेऊ. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला, परदेशी कापड भरून निघालेल्या मोटारलॉरीपुढे बाबू गेनू हा गिरणीकामगार आडवा झाला, आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. त्याला बाजूला होता आले असते, आणि तो झाला नाही. ज्यासाठी झाला नाही ते कार्य त्याला स्पष्ट ठाऊक होते. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीत गोळी लागून पडला तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. एवढ्या कोवळ्या वयात 'पत्करणे' खरोखर शक्य असते काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु झेंडा खाली टाकून पळून जाणे हे त्या वयाला मोठ्या माणसाहूनही सोपे असते, आणि त्याने ते केले नाही. या दोन्ही ठिकाणी आपल्या मनाला किंचितही शंका येत नाही.

सोलापूरचे उदाहरण शब्दाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. १९३० च्या मे महिन्यातील उठावानंतर तेथे लष्करी कायदा जारी झाला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी देण्यात आली. सोलापूर या चौघांनाही 'हुतात्मे' म्हणते. यज्ञकुंडातून आलेला शब्द कुर्बान हुसेन यांच्या नावामागे तितक्याच स्वाभाविकपणे उभा राहतो, जितक्या स्वाभाविकपणे अरबस्तानातून आलेला 'शहीद' भगतसिंगांच्या नावामागे. पंडितांनी व्युत्पत्तीच्या आधारे कितीही कुंपणे घातली, तरी लोकांनी हे दोन शब्द एकमेकांच्या अंगणात केव्हाच आणून सोडले आहेत, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. शब्द दोन झाले ते मरणात भेद होता म्हणून झाले नाहीत. ज्या प्रांताने ज्याला आपला म्हणून उचलले, त्या प्रांताच्या भाषेतला शब्द त्याच्या नावाला लागला.

अवघड उदाहरण गांधीजींचे. ते लढाईत पडले नाहीत, फासावर गेले नाहीत. प्रार्थनेला निघाले असता त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मग तो केवळ खून, आणि ते खुनाचे बळी असे का म्हणू नये? याचे उत्तर दहा दिवस आधीच्या घटनेत सापडते. २० जानेवारी १९४८ रोजी त्यांच्या प्रार्थनासभेत स्फोट झाला होता. त्यानंतर सभेस येणाऱ्यांच्या झडत्या घ्याव्यात असे पोलिसांचे म्हणणे पडले, आणि प्रार्थनेला येणाऱ्याची झडती घेऊ देण्यास त्यांनी नकार दिला. मरण येऊ शकते हे त्यांना ठाऊक होते, दार बंद करण्याची सोय होती, आणि ज्या विश्वासाचा ते आयुष्यभर उच्चार करीत आले त्यासाठी त्यांनी ते दार उघडे ठेवले. 'साक्ष' आणि 'आहुती' या दोन्ही कल्पना येथे एकत्र येतात.

मुंबईच्या फ्लोरा फाउंटनजवळ २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये शहरभर जो गोळीबार झाला, त्यात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या पुढील लढ्यात मेलेल्यांची संख्या प्रथम १०५, नंतर १०६ आणि अखेरीस १०७ अशी मोजण्यात आली. त्यांच्या नावे तो चौक 'हुतात्मा चौक' झाला, आणि तेथे मशाल धरलेले शेतकरी व कामगार उभे आहेत. असा गोळीबार चालू असताना कोण मोर्चात होता आणि कोण रस्त्याने घरी चालला होता, याची विचारपूस गोळी करीत नाही. कडक तर्काने पाहिल्यास मोर्चात नसलेल्याला 'बळी' म्हणावे लागेल. परंतु अशा प्रसंगी समाज एकेकट्याची झडती घेत बसत नाही, सगळ्यांना मिळून एक शब्द देतो, आणि त्या उदारतेला मी दोष देणार नाही. बेळगावात १७ जानेवारीस याच लढ्यातील गोळीबाराच्या स्मरणार्थ 'हुतात्मा दिन' पाळतात. म्हणजे एकाच भाषेत, एकाच नावाचा दिवस, गावाप्रमाणे निरनिराळ्या तारखेला येतो.

आणि आता ते उदाहरण, जे इंझोरीच्या परिसरात टाळून पुढे जाता येत नाही. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांना 'शहीद' म्हणावे, असे काही जण कळवळून म्हणतात. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा जो अंत झाला, त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी लोक अन्नत्याग करतात, आणि ते स्मरण मला शिरोधार्य वाटते. परंतु हा शब्द तेथे लावू नये असे मला वाटते, आणि ते त्या शेतकऱ्याचा मान कमी करण्यासाठी नव्हे. हौतात्म्य पत्करणाऱ्यासमोर जगण्याची वाट मोकळी असते. या माणसाला सगळ्या वाटा बंद झाल्यासारख्या वाटल्या. त्याच्या मरणाला यज्ञ म्हटले की ज्यांनी त्या वाटा मोकळ्या ठेवायच्या होत्या ते सारे पुरोहित ठरतात, आणि पुरोहिताला कोणी जाब विचारत नाही. शिवाय एखाद्या खचलेल्या घरात त्या मरणाला तेज चढावे, हे तर मुळीच होऊ नये. त्याला 'बळी' म्हणावे. कारण बळी म्हटले की देणारा कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

६. कुंकळ्ळीचे दोन पक्ष

या शब्दाचा सर्वांत अवघड पेच पाहायचा तर गोव्यातील सासष्टीत गेले पाहिजे. पोर्तुगीज अंमलाने कुंकळ्ळी आणि भोवतालच्या गावांतील देवळे पाडली होती. गावकऱ्यांनी सारा देण्याचे नाकारून विरोध चालविला होता. जुलै १५८३ मध्ये रुदोल्फ आक्वाविवा आणि आणखी चार जेझुइट पाद्री तेथे क्रूस उभारण्यासाठी व चर्चला जागा पाहण्यासाठी आले असता गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. हे आक्वाविवा काही काळ अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले, विद्वान आणि व्रतस्थ गृहस्थ होते. त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती माणसेही मारली गेली. पुढे पोर्तुगिजांनी बोलणी करण्याच्या निमित्ताने गावच्या सोळा गावकारांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावले आणि तेथे त्यांची कत्तल केली; एकटा नदीत उडी टाकून निसटला.

१८९३ मध्ये रोमने त्या पाच पाद्र्यांना 'धन्य' म्हणून घोषित केले. त्यांच्यासमवेत मेलेल्या स्थानिक ख्रिस्तींची नावे त्या घोषणेत आली नाहीत. आणि किल्ल्यात मारल्या गेलेल्या गावकारांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला २००३ साल उजाडावे लागले. आता हुतात्मे कोणते? पाद्री निःशस्त्र होते, श्रद्धेसाठी आले होते आणि मरणापुढे त्यांनी मान झुकवली, असे त्यांचे अनुयायी सांगतात; त्यांच्यापुरती साक्ष पूर्ण आहे. गावकार आपल्या देवांसाठी आणि आपल्या जमिनीसाठी उभे राहिले आणि विश्वासाने बोलणीला गेले असता मारले गेले. त्यांच्यापुरती आहुती पूर्ण आहे. माझे मन गावकारांकडे झुकते, हे मी लपवीत नाही, कारण आक्रमण कोणी केले होते हे विसरता येत नाही. तरीही या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येते: 'हुतात्मा' ही पदवी मरणारा स्वतःला देऊ शकत नाही, मारणारा ती देत नाही, मागे राहिलेले देतात, आणि कधी तीनशे वर्षांनी, कधी चारशे वर्षांनी देतात. तिथल्या त्या स्थानिक ख्रिस्ती माणसांच्या मागे तर कोणीच उरले नाही.

आपल्या विदर्भातही असा प्रसंग घडलेला आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी येथे जमावावर गोळीबार झाला, तरुण पडले. आणि त्याच दिवशी जमावाच्या हातून पोलीस व महसुली अंमलदारही मारले गेले. तेही बहुधा याच मातीतले, पगारी नोकरीत असलेले लोक. त्यांच्यासाठी आपल्याकडे कोणताच शब्द नाही.

७. सरकारदरबारी

वाचकांना आश्चर्य वाटेल, परंतु भारतीय कायद्यात आणि सैन्याच्या नियमांत 'शहीद' या शब्दाची व्याख्याच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने लोकसभेत हे स्पष्ट केले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लष्कराच्या मुख्यालयाने आपल्या विभागांना पत्र पाठवून कर्तव्यावर प्राण देणाऱ्या जवानांसाठी 'मार्टर' हा शब्द न वापरण्याची सूचना केली. त्याऐवजी कारवाईत मृत्यू, सर्वोच्च बलिदान असे शब्दप्रयोग सुचविले. कारण उघड आहे: 'मार्टर' हा शब्द श्रद्धेपायी किंवा मतापायी छळ सोसून मेलेल्याचा, आणि जवान देशाच्या हुकमाने लढतो. वर्तमानपत्रे तरीही 'जवान शहीद' असेच लिहितात, आणि गावचे लोकही तसेच म्हणतात. मला विचाराल तर जवानासाठी आपला जुना 'धारातीर्थी पडला' किंवा 'वीरमरण आले' हा प्रयोग अधिक नेमका आहे. पण शोकाकुल घरापुढे उभे राहून कोणी शब्दाची दुरुस्ती करू नये. कुटुंबास मिळणारे निवृत्तिवेतन शब्दावर अवलंबून नसते, मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला यावर ठरते, हे मात्र सांगून ठेवले पाहिजे. कारण 'शहीद' लिहिले नाही तर हक्क बुडेल अशी भीती पुष्कळांना वाटते.

लेखनाविषयीही थोडे सांगतो, कारण पत्रिकांवर आणि फलकांवर चुका फार दिसतात. अनेकवचन 'हुतात्मे', विभक्तीत 'हुतात्म्यांना', 'हुतात्म्यांचे'; भाववाचक नाम 'हौतात्म्य'. 'शहीद' याचे अनेकवचन 'शहीद' असेच राहते, पण विभक्ती लागताच 'ही' ऱ्हस्व होते: 'शहिदांना', 'शहिदांची'. स्त्रीलाही 'हुतात्मा'च म्हणावे, वेगळे रूप करण्याची गरज नाही.

८. गावाच्या नावात

१९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने राज्यभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके बांधली. काही ठिकाणी त्यांत वाचनालये चालतात, काही ठिकाणी कुलूप असते. शब्द मात्र त्यांच्यापेक्षा दूरवर पसरला. पुणे-सोलापूर मार्गावर 'हुतात्मा एक्सप्रेस' धावते; वाळव्यात साखर कारखान्याला हुतात्मा किसन अहिर यांचे नाव आहे; खेडचे राजगुरुनगर झाले.

वऱ्हाडाने याहून वेगळी रीत काढली. मानोऱ्याच्या शेजारचे मंगरूळ जसे पिराच्या दर्ग्यामुळे 'मंगरूळपीर' झाले, तसेच अमरावती जिल्ह्यातील यावली, जेथे १९०९ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म झाला, ती १९४२ च्या चळवळीमुळे 'यावली शहीद' झाली. वरुडकडील बेनोडा 'बेनोडा शहीद' झाला. नाव व्यक्तीचे नाही, स्मारकाचे नाही. अवघे गावच शहीद म्हणवते. त्यामुळे तेथील माणसाला हा शब्द वर्षातून एकदा अकरा वाजता आठवावा लागत नाही. लेकीला पत्र धाडताना, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर, पत्ता लिहिताना तो प्रत्येक वेळी हाताखालून जातो: मुक्काम यावली शहीद, जिल्हा अमरावती.